लुसियाँचा सात

मायेल, तो दिवा जरा कमी कर. आणि कोलँ, तुला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. मध्येच खिदळलास तर मी सरळ उठून झोपायला जाईन.

हे माझ्या बाबतीत घडलेलं नाही, नुमा पेरेनूच्या बाबतीत घडलं. तोच नुमा, जुनी सोन्याची खिशातली घड्याळं जमवणारा. बायको सोडून गेली त्या दिवशी या गृहस्थानं आधी कपाट उघडून घड्याळं मोजली म्हणे!

यंदाच्या जानेवारीतली सतरा तारीख, शनिवार. संध्याकाळी सहाला नुमा ल लोक्ल गावाहून गाडी काढून निघाला, वर डोंगरात ला ब्रेव्हीन गावाच्या बाजूला. तिथं एका शेतघरात म्हातारी ओडील कालाम राहायची. तिचा सकाळी फोन आला होता. "नुमा, सोमवारी मला वृद्धाश्रमात हलवतायत. डोळे तर गेलेच माझे. माझ्या लुसियाँची खूण एकदा बोटानं चाचपू दे रे. मग ने घड्याळ, तुझंच आहे ते."

लुसियाँ तिचा नवरा. त्याला जाऊन एकोणीस वर्षं झाली. त्याआधी वीस वर्षं माझ्या शेजारच्या बाकावर बसून घड्याळं दुरुस्त करायचा. तुम्ही करता तेच तोही करायचा: काम संपलं, घड्याळ चालायला लागलं, की मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं नावाची आद्याक्षरं आणि तारीख कोरायची. त्याचा अंगठा एकदा यंत्रात सापडला होता, त्यामुळे आपला इकडचा, पोटात आडवी रेघ असलेला सात काढताना त्या रेघेच्या टोकाला सुई खाली घसरायची. शेपटीच यायची सातला. आम्ही चिडवायचो, "काय रे, आज पण शेपटी?"

हे घड्याळ त्याच्या घराण्यातलं. जाड सोन्याचं, कडेची कळ सरकवली की टण टण करून तास सांगणारं. झाकणाच्या आत आजोबाची खूण, बापाची, आणि खाली लुसियाँची. तो गेल्यावर ओडीलनं ते नुमाला दिलं, एकाच अटीवर. झाकणाला हात लावायचा नाही.

आणि या शहाण्यानं काय केलं? जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडायचं म्हणून आतून घासून चकचकीत करून घेतलं! आधी माझ्याकडेच आला होता. मी दारातूनच हाकलला. कुणीतरी दुसरा भेटला त्याला. तिघांच्या खुणा फडक्यात पुसून गेल्या.

तर तो निघाला, आणि गाडीत बसून थाप जुळवत होता. 'झिजली असेल, ओडील. सोनं मऊ असतं.' घड्याळ कोटाच्या आतल्या खिशात, वरून बटणं लावलेली. बाहेर उणे सव्वीस अंश. रस्त्यावर दुसरी गाडी नाही. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती.

वाटेतलं गोठलेलं सरोवर मागं पडलं, आणि खिशात टण झालं.

नुमानं पाय ब्रेकवर ठेवला. ते घड्याळ आपोआप वाजत नाही. कळ सरकवावी लागते, तीही बोटानं, जोर लावून.

टण... टण... सहा वेळा वाजलं.

मग थांबलं. तास वाजायचा थांबला, आणि टिकटिकही थांबली. छातीशी धरलेलं घड्याळ बंद पडलं की कळतं रे. तुम्हाला माहीत आहे.

मग वास आला. आपण घड्याळाचे पुर्जे धुतो त्या बेंझिनचा. आपल्या बाकाचा वास. गाडीत कुठून येणार?

आणि मागच्या सीटवरून...

कर्र.

बारीक. सुई सोन्यावर फिरते तसा.

कर्र... कर्र...

नुमाची पाचावर धारण बसली. मागं बघायचं नाही, असं त्यानं ठरवलं. पण आरशाकडे नजर गेलीच. कुणीतरी बसलं होतं. चेहरा दिसला नाही. मान खाली. काहीतरी डोळ्याजवळ धरून... वाकलेलं.

"लुसियाँ?"



कर्र.

"चुकलो रे मी..."

आवाज थांबला. मग छातीवर टिक. टिक. टिक. घड्याळ चालू झालं. नुमानं आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी होती.

ओडीलच्या घरी पोचला, कोटाची बटणं काढली आणि घड्याळ बाहेर घेतलं. तिनं कॉफी तयार ठेवली होती. थापबिप सगळी विसरला तो. म्हणाला, "ओडील, मी तुझा गुन्हेगार आहे. ती खूण..."

"आण इकडे," ती म्हणाली. तिनं झाकण उघडलं. बोट फिरवलं. आणि हसली! "हा बघ, सापडला माझा माणूस. लु... का... सतरा... एक..."

बोट पुढं सरकलं. मग थांबलं.

"नुमा."

तिनं बोट मागं घेतलं आणि त्याच ओळीवरून पुन्हा फिरवलं.

"नुमा, ही तारीख आजची आहे."

काय म्हणालास, कोलँ? नुमानंच कोरलं असेल? अरे, त्याला लोण्यावर सुरीनं सरळ रेघ ओढता येत नाही! जन्मभर घड्याळं विकत घेतली, एक उघडलं नाही कधी. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझ्या दारात उभा होता, पांढराफटक, आणि पोरासारखा रडत होता.

घड्याळ त्यानं तिच्याकडेच ठेवलं. मार्चमध्ये ओडील गेली. तिनं सांगून ठेवल्याप्रमाणे वृद्धाश्रमातल्या नर्सनं घड्याळाची ही डबी माझ्याकडे पाठवली, वर माझं नाव लिहून.

घे, मायेल. तू उघड. मी उघडत नाही रात्रीचं.

आता भिंग लाव. आजोबाचं काही नाही, बापाचं नाही, सगळं झाकण आरशासारखं. मधोमध एकच ओळ आहे ना? लु. का., सतरा, एक, आणि यंदाचं साल.

आता तो सात बघ. शेपटी दिसली?