अन्वरभाईंचा मुखत्यार

रत्नागिरीच्या तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या शलाका बिवलकर सकाळचा चहा कट्ट्यावरच घेत. कट्टा म्हणजे चिपकट्टा, मराठी यंत्रवेड्यांचं संकेतस्थळ. नवी बॅटरी, नवा फोन, कुठल्या कंपनीने कुणाला गिळलं, यावर तिथे रोज रण माजायचं. पूर्वी एखाद्या मुद्द्याला उत्तर यायला दुपार व्हायची, कारण माणसांना कामधंदा असे. आता चहा निवायच्या आत चार उत्तरं येत. बहुतेकांनी मुखत्यार नेमले होते ना!

मुखत्यार ही एक आज्ञावली. तुमचं आजवरचं सगळं लिखाण वाचायची आणि तुमच्याच शैलीत, तुमच्या टोमण्यांसकट वाद घालायची. तुम्ही खुशाल सिनेमा बघा, तुमचं मत तिकडे हिरिरीने मांडलं जाई. मुखत्याराच्या मजकुरावर तशी खूण असावी, असा ठराव शलाकाबाईंनी एकदा आणला होता. तो दणकून आपटला. मतं माणसांनी दिली की मुखत्यारांनी, हे विचारायची सोय नव्हती.

बाईंनी स्वतः मुखत्यार नेमला नव्हता आणि त्याचा त्यांना चांगलाच तोरा होता. दुसरा असा माणूस अन्वरभाईच, याची त्यांना खात्री होती. अन्वर बारगीर, मिरजेचे निवृत्त रेल्वे सिग्नल अभियंते. दोघांचं भांडण अकरा वर्षांचं, भेट एकदाही नाही. कट्ट्याचा दंडकच होता, जे बोलायचं ते सगळ्यांसमोर. समोरच्याला बाजूला घेऊन फोनवर समजावणं म्हणजे पळपुटेपणा, आणि हा दंडक पाळण्यात दोघेही कर्मठ.

त्या आठवड्यात कर्णसेतू चालवणाऱ्या आज्ञावलीची नवी आवृत्ती आली. कर्णसेतू म्हणजे आतल्या कानात बसवलेली बारीक तार. बाहेरचा आवाज ती विजेच्या झटक्यांत बदलून थेट नसेला पोचवते. अन्वरभाईंचे दोन्ही कान एका तापात गेले होते, त्यांचं ऐकणं याच तारेवर चालायचं. नव्या आवृत्तीमुळे गाणंसुद्धा गोड ऐकू येईल, असा कंपनीचा दावा होता. बाईंना दावे तपासायची खोड. त्यांनी एक जुना संच मिळवला, टेबलावर मांडला, त्यात ही आवृत्ती घातली, नसेच्या जागी रोध, म्हणजे वीज अडवणारा तुकडा जोडला आणि मोजमाप केलं. गोंगाट झाला की वीज वाढत होती, पण गोंगाट थांबल्यावर पुरती उतरत नव्हती. दर वेळी थोडी वर राहायची. अशी चढत गेली तर नस भाजून निघेल, आणि भाजलेली नस पुन्हा येत नाही.

त्यांना पहिली आठवण अन्वरभाईंची झाली. कधीकाळी त्यांनी एक सुटा भाग पाठवला होता, त्या खोक्यावरचा फोन नंबर बाईंनी जपून ठेवला होता. तरी त्या कट्ट्यावरच गेल्या. आलेख जोडले आणि वर शीर्षक दिलं, ‘अन्वरभाई, या मैदानात!’

दोन मिनिटांत उत्तर आलं. ‘बाई, तुमच्या टेबलावर कान नाही, नुसता रोध आहे. रोधाला नस नसते.’ बाई खवळल्या आणि खरं सांगायचं तर सुखावल्याही. काय चपराक होती! त्यांनी मोजणी पुन्हा केली, नवे आलेख टाकले. तिकडून नवा टोला आला. बघे जमले, टाळ्या पडल्या, गट पडले. चार दिवस बाईंना जेवणाची शुद्ध नव्हती. इतकं रंगलेलं भांडण कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

पाचव्या दिवशी ईद होती. दर ईदला अन्वरभाई शिरखुर्म्याच्या वाटीचा फोटो टाकत आणि खाली लिहीत, ‘आज युद्धबंदी.’ या ईदला फोटो आला नाही. आला तो बाईंच्या ताज्या आलेखावरचा सात कलमी हल्ला. बाईंनी तो अर्धाच वाचला. त्यांनी दंडक गुंडाळून ठेवला आणि फोन लावला.

फोन त्यांच्या मुलीने घेतला. बाईंनी आपलं नाव सांगितलं. “मी तबस्सुम. बाई? कट्ट्यावरच्या बाई?”

“हो. अन्वरभाईंनी कर्णसेतूची नवी आवृत्ती घातलीय का गं?”

“अब्बांनी नाही, मुखत्यारनं घातली. आली त्या दिवशीच. सगळ्यात आधी घालणाऱ्याच्या नावापुढं मानाची घंटेची खूण मिळते नव्हं तुमच्या कट्ट्यावर? अब्बांनी कर्णसेतूसकट सगळे हक्क त्यालाच देऊन टाकलेत.”

“कधीपासून?”

“सहा महिने झाले की. म्हणाले, आता भांडायचा दम नाही राहिला. पण मी गप्प बसलो तर त्या बाई एकट्या पडतील.”

बाईंनी विचारलं, “आता कसे आहेत?”

“परवापासून कानात शिट्टी वाजत होती. आज नमाजला गेले, तर इमामसाहेबांचा आवाजच आला नाही म्हणे. दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणतात, नस गेली. तुम्हाला हे माहीत होतं का बाई?”

“चार दिवसांपूर्वी कळलं.”

“मग तेव्हाच फोन का नाही केलात?”

मागून अन्वरभाईंचा आवाज येत होता, स्वतःला ऐकू न येणाऱ्या माणसाचा असतो तसा मोठा. “कोण आहे गं? कुणाचा फोन?” ते पुन्हा पुन्हा विचारत होते. अकरा वर्षांत बाईंनी तो आवाज पहिल्यांदा ऐकला.

फोन ठेवल्यावर त्या रडल्या, स्वतःच्या नावाने बोटं मोडली आणि पुन्हा कट्ट्यावर गेल्या. कर्णसेतू वापरणारे आणखी असतीलच. त्यांनी मोठ्या अक्षरांत विचारलं, ‘इथे कुणी खरा माणूस वाचतोय का?’ भराभर होकार आले. सगळ्यांनीच होकार दिला.

सर्वात वर अन्वरभाईंच्या नावाने लिहिलं होतं, ‘बाई, विषय बदलू नका. या आवृत्तीने बहिरा झालेला एक तरी माणूस दाखवा. नाव सांगा, मी जाहीर हार मानतो.’

बाईंनी नाव लिहिलं. अन्वर बारगीर, मिरज.

उत्तर लगेच आलं. ‘हे नाव चालणार नाही. तो मी आहे आणि मला उत्तम ऐकू येतं. दुसरं कुणी आहे का?’