गोरज मुहूर्ताची लेन्स

प्रियदर्शनी खरं तर वडिलांचा चष्मा न्यायला आली होती. राजारामपुरीतला चष्मेवाला म्हणाला, अजून अर्धा तास लागेल. म्हणून ती उगाच शेजारच्या दुकानाच्या काचेपाशी जाऊन उभी राहिली. काचेआड कॅमेरे मांडले होते. त्या अर्ध्या तासाला आता आठ वर्षं होऊन गेली, तरी तो तिला अजून मिनिटामिनिटानं आठवतो.

आत एक मुलगा रबरी फुग्यानं लेन्सवरची धूळ उडवत बसला होता. आत शिरल्या शिरल्या तिनं एका दमात सांगून टाकलं, की मला फोटोग्राफर व्हायचंय, हौसेचा नाही, धंद्याचा, तर कुठला कॅमेरा घेऊ?

"कशाचे फोटो काढणार?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"सगळ्याचे."

"मग आज काय घेऊ नका." आता त्यानं मान वर केली... आणि मग ती खाली घालायचं विसरला.

गिऱ्हाइकाला असं सांगणारा दुकानदार तिनं जन्मात पाहिला नव्हता. शाहूपुरीत तिच्या वडिलांचं, अण्णासोंचं, गुळाचं दुकान. तिथं आलेलं गिऱ्हाईक मोकळ्या हातानं परत गेलं, तर रात्रीपर्यंत घरात तोच विषय चालायचा. पण केतनची — हे त्याचं नाव — रीतच निराळी. पहिल्या दिवशी तो कुणालाच काही विकत नसे. दुकानातला एक कॅमेरा आणि एक लेन्स रविवारी घेऊन जायची, दिवसभर उन्हातान्हात हिंडायचं, सोमवारी फोटो आणून दाखवायचे. आपल्या हाताला काय मानवतं ते कळलं, की मग घ्यायचं. मागं बसलेले त्याचे वडील पुटपुटत, हा पोरगा एक दिवस दुकानाला कुलूप लावणार.

मग रविवार सुरू झाले. कळंब्याच्या तलावाकाठी तिनं बगळे टिपले, म्हशी टिपल्या, धुणं वाळत घालणाऱ्या बायका टिपल्या. सोमवारी चारच्या सुमाराला ती दुकानात हजर. केतन फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून बघायचा आणि प्रत्येक लेन्समध्ये काहीतरी खोट काढायचा. ही लांबचं आणते पण जवळ फसते, ती जवळची चांगली पण कडा मऊ येतात...

"ही न्हाई चालायची," एकदा तो म्हणाला. "जड हाय. खांदा दुखंल तुमचा."

"माझ्या खांद्याची काळजी तुम्हाला कशाला?"

तो लखलखीत लेन्सवर उगाच फुगा दाबत राहिला, आणि तिला हसू आवरेना.

साडेपाच वाजले की मात्र दोघंही उठत. ती म्हणे, "येतो मी." कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात. तिच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकत, आईचा तो नेम कधी मोडला नव्हता. केतनचं घरही जैनांचंच. अर्धं शटर ओढून बापलेक वर जेवायला जात. त्यामुळं ती का उठली हे त्यानं कधी विचारलं नाही, आणि तो का थांबवत नाही याचं तिनं कधी वाईट मानून घेतलं नाही.

अडीच महिन्यांनी तिला कॅमेरा घ्यावाच लागला. मैत्रिणीचं, तेजस्वीचं, लग्न ठरलं होतं आणि फोटोंचं काम तिनं प्रियदर्शनीला दिलं होतं. अण्णासोंनी स्पष्ट सांगितलं, "हे एक लग्न कर. अल्बम बघून ठरवू. जमलं तर जमलं, न्हाईतर दुकानातली खुर्ची हाय तुझ्यासाठी." तिला त्या खुर्चीची धास्ती वाटे. गुळाचा वास तिला आवडायचा, पण आयुष्यभर नको होता.

शेवटी दोघांनी मिळून एक कॅमेरा आणि त्याला एक झूम लेन्स निवडली. जवळचंही येतं, लांबचंही येतं, आणि तिचे सगळ्यात चांगले फोटो त्याच लेन्सचे होते. केतननं खोकं बांधून दिलं. आता सोमवारी यायला काही कारणच उरलं नव्हतं. दोघांनाही ते कळत होतं, आणि दोघंही वॉरंटीच्या कार्डाबद्दल बोलत राहिले.

लग्न कळंब्याच्या अलीकडं एका लॉनवर होतं. मुहूर्त गोरज.

दुपारभर सगळं छान चाललं. हळद उतरलेली तेजस्वी, रुसलेल्या करवल्या, फेटे बांधून घेणारे काका... सहा वाजले, ऊन झाडांमागं गेलं, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे फोटो काळवंडायला लागले. ती लेन्स तेवढा उजेड आत घेतच नव्हती. कॅमेऱ्याची सेटिंग बदलून उजेड वाढवावा तर फोटोवर वाळू सांडल्यासारखे दाणे, फ्लॅश मारावा तर चेहरे पिठात बुडवल्यासारखे. अडीच महिन्यांत शेकडो फोटो काढले, पण त्यातला एकही संध्याकाळचा नव्हता. साडेपाचला दोघांचाही दिवस संपायचा! दिवेलागणीला या लेन्सचं काय होतं, हे बघायचं ना तिला सुचलं, ना त्याला.

तिनं त्याला फोन लावला. एवढंच म्हणाली, "अंधार पडतोय, आणि काहीच दिसत न्हाई."

पलीकडून एवढंच आलं, "आलो."

अंतरपाट धरला जात होता तेव्हा तो पोचला. हेल्मेट डोक्यात तसंच, हातात पन्नास एमएमची छोटीशी लेन्स. थोड्या उजेडातही ती चेहरा उजळ आणते. त्यानं झूम उतरवली, ही छोटी लावून दिली. त्याच्या उजव्या हाताच्या बोटांना आमटीची हळद लागलेली तिनं पाहिली. काही विचारायच्या आत तो तिची झूम लेन्स घेऊन गर्दीत पलीकडं जाऊन उभा राहिला, आणि मंगलाष्टकं सुरू झाली.

अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, वऱ्हाड पंगतीला बसलं. तेजस्वीचे ज्ञानूमामा दोघांच्या मागंच लागले. "पावणं, बसा की जेवायला, असं उपाशी धाडत न्हाई आम्ही कुणाला." केतन म्हणाला, पोट भरलंय. प्रियदर्शनीही म्हणाली, पोट भरलंय. मामांचा दोघांवरही विश्वास बसला नाही.

दोघं लॉनच्या कडेला खुर्च्या ओढून पाणी पीत बसले. सूर्य केव्हाच बुडाला होता, म्हणजे आता सकाळपर्यंत काही नाही. तिला एकदम भरून आलं.

"ताटावरून उठून आलास?" तिनं विचारलं. आज पहिल्यांदाच ती त्याला अरेतुरे करत होती.

"व्हय."

"तुझे पप्पा काय म्हणाले?"

"म्हणाले, अन्न टाकून पळायला एवढं कुठलं गिऱ्हाईक लागून गेलंय?"

"मग?"

तो हातातल्या ग्लासाकडं बघत राहिला. "मी म्हटलं... गिऱ्हाईक न्हाई ती."

तिनं आपली खुर्ची जराशी जवळ ओढली. त्या संध्याकाळची भूक तिला अजून आठवते, आणि तसं सुखाचं उपाशीपण पुन्हा कधी वाट्याला आलं नाही, असं ती आजही सांगते.

आठवड्यानं अल्बम आला. अण्णासोंनी नवा चष्मा लावून एकेक पान सावकाश उलटलं. प्रियदर्शनी दाराला टेकून उभी होती. अंतरपाट दूर झाल्याच्या फोटोवर ते थांबले.

"अल्बम झकास झालाय," ते म्हणाले. "दुकानाला दुसरा माणूस बघतो मी."

पण त्यांचं बोट अजून त्याच फोटोवर होतं. अक्षता उधळणारी सगळी माणसं नवरा-नवरीकडं बघत होती. मागं, थोडा धूसर पण ओळखू येईल असा, एक जण छातीशी लेन्स धरून उभा होता... आणि तो एकटाच सरळ कॅमेऱ्याकडं बघत होता.

"लग्न तिकडं लागलंय, आणि हा तुझ्याकडं बघतोय. कोण हा?"

"केतन. कॅमेऱ्याच्या दुकानातला. ही लेन्स त्यानंच आणून दिली."

"गोरजाला? म्हणजे जेवणाच्या वेळेला?"

"व्हय. ताटावरून उठून आलता."

अण्णासोंनी चष्मा काढला. तिच्याकडं बघितलं, फोटोकडं बघितलं, आणि आत स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाले, "अगं, उद्या पाचला एक ताट जास्तीचं वाढ. एका पोराचं अर्धं जेवण आपल्यापायी राहिलंय."