जुनी काढली, नवी ठेवली

त्या दिवशी बोर्डवाल्या काकांच्या डोक्याला भरदुपारीच ताप सुरू झाला.

घरोघरी इंटरनेट यायच्या आधीची ही गोष्ट. काकांच्या मागच्या खोलीत एक कॉम्प्युटर टेलिफोनला जोडलेला होता, त्यालाच सगळे 'बोर्ड' म्हणत. लोक आपापल्या घरून फोन लावून त्यावर निरोप ठेवत, फायली उतरवून घेत. नव्या फायली वरच्या मोठ्या बोर्डाकडून येत आणि प्रत्येकीसोबत एक चिठ्ठी असे: ही ठेवा, अमकी जुनी काढा. काकांचा प्रोग्राम मुकाट्यानं तसं करायचा. डिस्क एवढीशी, त्यामुळे जुनी बाजूला जपून ठेवायची भानगडच नाही. थेट पुसून टाकायची.

"बाबा, आईची फाईल काहीतरी भलतंच वाजतेय," लेक दारात येऊन म्हणाली आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली.

काकू जाऊन वर्ष होत आलं होतं. नवा माईक आणला तेव्हा काकांनी हौसेनं दोघींचे आवाज भरून ठेवले होते, 'घर-आई' आणि 'घर-लेक'. काकूंचा तेवढाच आवाज आता जगात उरला होता. "इश्श, काय बोलू? मला नाही सुचत..." आणि मग हसू. लेक शाळेतून आली की दप्तर टाकून आधी ते ऐकायची.

काकांनी फाईल लावली. हसू नव्हतं. कुणीतरी अगदी जवळ श्वास घेत होतं. मग काकूंचाच आवाज, सावकाश... "किती वेळ झाला... कुणी दारच उघडत नाही..."

काकांनी झटकन फाईल बंद केली. पण घाबरण्यापेक्षा चिडणं सोपं, म्हणून ते चिडले. त्यांनी वरच्या बोर्डवाल्याला फोन लावला.

"थट्टा करायला माझी मेलेली बायकोच सापडली का रे तुला?"

"अरे, काय बोलतोयस? माझं मशीन परवापासून उघडून पडलंय. मी कशानं पाठवणार?"

"मग ही चिठ्ठी कुठून आली? जुनी काढली, नवी ठेवली म्हणून सांगतोय हा गाढव प्रोग्राम!"

"जुनीचं नाव काय लिहिलंय? नीट वाच."

काकांनी पडद्याला नाक लावलं. "घर... आणि पुढे नुसती चांदणी."

"मग मेलास! चांदणी म्हणजे त्या नावानं सुरू होणाऱ्या सगळ्या. एकीच्या बदल्यात सगळ्या जातात. असली चिठ्ठी आली की आधी विचार, असं प्रोग्रामला सांगून ठेवायचं असतं, शहाण्या."

ते काकांना ठाऊक होतं. रोज उठून हो की नाही विचारत तो डोकं खायचा, म्हणून त्यांनीच त्याचं तोंड बंद केलं होतं. त्यांनी फोन आपटला, भिंतीतली वायर उपटली आणि यादी पाहिली. 'घर-लेक' गेली होती. उरली होती फक्त ही नवी 'घर-आई'.

चला, लेकीचा आवाज पुन्हा भरता येईल, ते स्वतःवरच करवादत म्हणाले. ती कुठे पळून चाललीय?

"अगं ए, माईक घेऊन ये जरा!"

खोलीत तापलेल्या धुळीचा वास दाटला होता. स्वयंपाकघरात पेला पडला, घरंगळत गेला आणि थांबला. मग पावलं. अगदी हळू... भिंत चाचपत येणारी...

लेक दारात उभी राहिली. खिडकीतलं ऊन सोसत नसल्यासारखी तिनं डोळ्यांवर हात धरला होता. तिनं खोलीभर पाहिलं, कॉट पाहिली, शेवटी काकांकडे पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "किती वाळलात हो तुम्ही..."

काकांना ओरडायचं होतं. लेकीला नावानं हाक मारायची होती, तिला गदागदा हलवायचं होतं. आणि तरी त्यांनी पायानं खुर्ची पुढे सरकवली.

"ये," ते म्हणाले. "बस अशी."