ओठ मिटणारे अक्षर

सकाळचे ऊन आमच्या स्टुडिओत कधीच पोहोचत नसे. ते जिन्याशीच रेंगाळे. आधी वरच्या झरोक्याची काच उजळे, मग कठड्याचा हातांनी गुळगुळीत झालेला लाकडी माथा. मग ते एकेक पायरी सावकाश उतरे, जणू आत यावे की नाही याचा विचार करत... आणि तळाच्या जाड, आवाज अडवणाऱ्या दाराशी येऊन निमूट बसे. फटीतून त्याची एक रेघ आत जाई, तेवढीच. मीही तसाच, दारापर्यंत येणारा.

त्याच जिन्याच्या वळणावर ती मला पहिल्यांदा भेटली. म्हणजे, आधी तिने मला ऐकले. मी डोळे मिटून दरडावत होतो, "माल कुठंय? बोल, नाहीतर इथंच गाडीन!"

"पिशवीत फक्त डबा आहे," मागून आवाज आला. "चालेल?"

मी कठडा धरला. "माफ करा... तुम्ही..."

"हे संवाद मीच लिहिलेत. आणि गुंड म्हणजे तुम्ही? अरे देवा!"

चित्रपट परभाषेतला होता. आम्ही त्याला मराठी आवाज देत होतो. अमली पदार्थांचा एक बडा व्यापारी मरतो, आणि पोलीस त्याच्यासारख्या दिसणाऱ्या एका कैद्याला त्याचे सोंग देऊन टोळीत पाठवतात. व्यापाऱ्याची बायको पाहताक्षणी ओळखते की हा तो नव्हे... आणि गप्प राहते. कैद्याचा आवाज माझा. बायकोचे संवाद नंतर ध्वनिमुद्रित व्हायचे होते. तोवर माझ्यासमोर उभी राहून ते वाचायला तीच असे.

तिची शिस्त कडक. "प, ब, म म्हणताना ओठ मिटतात. पडद्यावर तोंड उघडं असताना 'म' आला, की चोरी पकडली गेलीच म्हणून समजा."

व्यापाऱ्याच्या तोऱ्यात मी तिला बेधडक म्हणे, "तुझ्याशिवाय मला आहे कोण?" आणि माइकवरचा दिवा विझला की, "तुम्ही... पाणी घेणार का?"

काचेपलीकडचे रेकॉर्डिंगवाले काका हसून लोळत. "एवढी टोळी गारद करतो, आणि पाणी विचारताना याला घाम फुटतो!"

ती हसत नसे. कानामागे पेन्सिल खोचत मला न्याहाळत राही, आणि मी भिंतीवरच्या फोमचे खळगे पाहत बसे.

आज शेवटचे दृश्य होते. उद्या ती दुसऱ्या शहरात नव्या कामावर रुजू होणार होती. आज मी बोललो नाही, तर पुढे ऐकायला तीच नसणार. दारापाशी थांबलेले ऊन पाहताना सकाळीच हे मला उमगले होते.

दृश्यात कैदी सोंग टाकून देतो आणि बायकोला म्हणतो, 'मी तो नाही. तुम्ही ओळखलं होतंत. आता जाऊ नका.'

"इथं एकदम 'तुम्ही' का?" मी विचारले.

"सोंग उतरलं ना त्याचं. सोंगात 'तू' म्हणणं सोपं असतं." तिने पान उगाचच सरळ केले. "खरा माणूस 'तुम्ही'च म्हणणार. मी एकाला रोज ऐकतेय की."

दिवा लागला. कागदावरची अक्षरे स्वच्छ दिसत होती. समोर ती उभी होती, कानामागे पेन्सिल, नजर खाली...

"मी तो नाही," मी म्हणालो. "तू ओळखलं होतंस. आता — जाऊ नकोस."

तिची नजर वर आली.

"अरे बाबा, कागदावर 'तुम्ही' आहे," काकांचा आवाज आला. "पुन्हा घेऊ?"

"'तुम्ही'त 'म' येतो ना," मी घाईघाईने म्हणालो. "तिथं त्याचे ओठ मिटत नाहीत. म्हणून... फक्त म्हणून."

"अस्सं!" ती म्हणाली. "काका, ते दृश्य पुन्हा एकदा लावा बरं."

पडदा उजळला. काका उगाच खोकले. ती पडद्याकडे पाहतच नव्हती. माझ्याकडे पाहत होती.

"सांग की," ती हळूच म्हणाली, "मिटतात का त्याचे ओठ?"

सबंध दृश्यभर कैदी पाठमोरा उभा होता. त्याचे ओठ दिसतच नव्हते.