मास्तरांच्या शंका

माझ्या टेबलामागे एक बाई लपून बसल्या होत्या. डोक्याला निळा स्कार्फ, हातात आइस्क्रीमचा कप. मला पाहताच त्यांनी ओठांवर चमचा ठेवून गप्प राहायची खूण केली.

तेवढ्यात दारात एक तरुण आला. गळ्यात शिट्टी, केस ओले, अंगाला पोहण्याच्या तलावाचा वास.

"माझी आई इकडे आलीय का?"

कॅन्सर रुग्णालयाच्या माहिती केंद्रात मी समुपदेशक आहे. खोटी माहिती द्यायची नाही, हा माझा पहिला नियम. म्हणून मी उलट विचारलं, "काय काम होतं?"

"तिची साखर बंद केलीय मी. साखरेवरच कॅन्सर पोसतो. सगळं वाचलंय."

"कुठे?"

"मोबाइलवर..."

टेबलामागून आवाज आला, "आमचे मास्तर जगाला पोहायला शिकवतात हो, पण मला कोरड्यात बुडवायला निघालेत!"

मला हसू फुटलं. तो मात्र हसला नाही. आईंचं वजन सारखं उतरत होतं, आणि असंच चाललं तर पुढची केमो लांबवावी लागेल, असं डॉक्टर सकाळीच म्हणाले होते.

"बसा," मी म्हटलं. "साखर बंद केल्यानं कॅन्सर उपाशी मरत नाही. उपाशी राहतात त्या तुमच्या आई. त्यांना मधुमेह नाही ना? मग सध्या जे आवडीनं पोटात जातंय ते जाऊ द्या. नेमकं काय आणि किती, ते आपण आहारतज्ज्ञांना आत्ताच विचारू."

"म्हणजे मी... मीच तिला—"

"तुम्ही घाबरलात. घाबरलेला माणूस हाताला लागेल ते घट्ट धरतो. तुमच्या हाताला साखरेचा डबा लागला."

त्यानं मान वर केली. इतकी सरळ नजर... मी उगाचच टेबलावरची पत्रकं नीट लावायला घेतली.

मग तो प्रत्येक केमोच्या दिवशी शंका घेऊन यायला लागला. पुढे पुढे तर केमो नसतानाही.

"आज काय शंका?"

"केस परत कधी येतात?"

"मागच्या वेळी सांगितलं होतं."

"नीट ऐकलं नव्हतं."

"का बरं?"

"तुमच्याकडे बघत होतो ना..."

"बघा की. पण कान उघडे ठेवून बघा," मी म्हटलं. बाहेरच्या बाकावर आईंना खोकला आला, अगदी ठरवून आल्यासारखा.

आईंचं वजन सावरलं. उपचार पूर्ण झाले. त्यानंतर एका दुपारी तो एकटाच आला आणि शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत उभा राहिला.

"आज शंका नाही. सांगायचंय. तुम्ही मला आवडता."

मनात नुसती धांदल उडाली... पण माझा नियम आडवा आला.

"मग माझीही माहिती घ्या. कॉलेजात असताना मला कॅन्सर झाला होता. लसिकाग्रंथींचा. आता मी बरी आहे, पण दरवर्षी तपासणी असते. हे ऐकून एकजण अर्धा चहा टाकून उठला होता."

त्यानं बोटाला गुंडाळलेली दोरी सोडवली. जायचं तर जा बाबा, माझं काही अडणार नाही... खरं तर थोडंसं अडलं असतं.

"तपासणीला सोबत कोण असतं?"

"कोणी नाही. त्या दिवशी घरच्यांचे चेहरे बघवत नाहीत मला."

"आणि माझा?"

मी तो चेहरा नीट, अगदी सावकाश पाहून घेतला. "चालेल."

तपासणीच्या दिवशी काउंटरवरच्या सिस्टरनी विचारलं, "सोबत कोण? नातं काय?"

"मी... म्हणजे यांचा... यांच्या ओळखीचा—" तलावभर पोरांवर ओरडणारा हा माणूस कानापर्यंत लाल झाला.

"होणारा नवरा," मी सांगून टाकलं.

तो गर्रकन वळला. "मला विचारायचं तरी होतंस!"

पहिल्यांदाच मी त्याची 'तू' झाले होते.

"आत्ता विचारते. पण घाई नाही. रिपोर्ट येऊ दे, मग सांग."

"हो."

"हो म्हणजे? रिपोर्ट आल्यावर सांगणार?"

"हो म्हणजे हो!" आणि त्यानं सिस्टरांच्या देखत माझा हात हातात घेतला.

थोड्या वेळानं रिपोर्ट आला, अगदी स्वच्छ. पण त्याचं 'हो' त्याआधीच माझ्या मुठीत होतं.