मंगळवारचं बिरडं

वडखळच्या नाक्यावर तो चौथा वडापाव खात होता आणि मी मोजत होते. मोजणं हा माझा छंद नाही, शिक्षण आहे. आहारशास्त्राच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मला तीस ट्रकवाले हवे होते आणि एकोणतीस मिळाले होते.

चौथा संपवून त्यानं ॲसिडिटीची पुडी पाण्यात टाकली, फेस खाली बसायच्या आत घशात ओतली आणि फोनवर कुणावर तरी जोरात खेकसला.

"रोज असंच?" मी विचारलं.

त्यानं वळून पाहिलं. डोळे जागरणानं तांबारलेले, पण पापण्या इतक्या लांब की... मी नजर परत वहीत घातली.

"काय असंच? खानं का वरडनं?"

"दोन्ही. त्या दोघांचं नातं आहे."

"असं? मंग लगीन कधी?"

मी हसले नाही. म्हणजे, जवळजवळ नाही. मग त्याला नेहमीचं सगळं सांगितलं — आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात, आपण खातो त्यावर ते जगतात, आणि पोटाचे निरोप मेंदूला सारखे जात असतात. पोट बिघडलेलं असेल तर झोप, चिडचिड, उदासपणा या सगळ्यांवर परिणाम होऊ शकतो. त्यानं हाताची घडी घालून ऐकून घेतलं.

"म्हंजे माजा राग डोक्यात न्हाय, पोटात हाय."

"थोडा पोटात. सगळा नाही."

"उरलेला कुठं हाय त्ये बी शोधा मंग," म्हणत त्यानं सही केली. अल्पेश. तिसावा.

नियम साधे होते. सहा आठवडे रोज सकाळी वाटीभर आंबवलेली पेज, दिवसातलं एक जेवण ठरल्या वेळी, बसून, आणि वडापाव आठवड्याला दोन. घासाघीस करून त्यानं तीन मिळवले. शिवाय वही. रोज काय खाल्लं, पोट कसं होतं, आणि मन दहापैकी किती बरं होतं. मंगळवारी त्याची गाडी घरी असायची, म्हणून मंगळवारी दुपारी वही तपासायला मी धरमतर खाडीकाठच्या त्याच्या गावी जायचं ठरलं.

गावाच्या पलीकडे त्यांचं जुनं मिठागर होतं. वडिलांच्या मागं ते बंद पडलं आणि अल्पेश स्टिअरिंगवर बसला. घरात तो आणि आई, जनीकाकी. मी पोचायची तेव्हा तो न्हाऊन, इस्त्रीचा शर्ट घालून ओटीवर बसलेला असायचा. सुट्टीच्या दिवशी ट्रकवाले असेच राहत असावेत, असं मला वाटलं. माझी हुशारी ही अशी.

पहिल्या आठवड्यात मनाचे आकडे तीन, चार. तिसऱ्या आठवड्यात पुडी सुटली, आकडे पाच-सहावर आले. कर्नाळ्याच्या वळणावर एकानं आडवी गाडी घातली तरी तो उतरला नव्हता, नुसता हॉर्न दिला, हे त्यानं मला शाळेतल्या बक्षिसासारखं सांगितलं. सांगताना पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला, आणि बोटं एक क्षण तांब्यावरच राहिली... त्याची आणि माझीही. मला तो आवडायला लागला होता. पण माझ्या वहीत तसा रकाना नव्हता.

एक गोष्ट मात्र लक्षात आली. इतर दिवशी तीनपासून सहापर्यंत काहीही, आणि दर मंगळवारी नऊ. न चुकता नऊ. मंगळवारी जनीकाकी मासळी करत नसत, वालाचं बिरडं करत. मोड आलेले वाल, त्यात पेज... मला शोधच लागला. एसटीतूनच मी हेमाली मॅडमना फोन केला. त्या माझ्या मार्गदर्शक. बिरड्याच्या गुणांवर मी दहा मिनिटं बोलले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या की मग पुढच्या आठवड्यात बिरडं गुरुवारी खायला सांग, मंगळवारी नको.

तसं सांगितलं. पुढच्या मंगळवारी ओटीवर बसून वही उघडली.

'गुरुवार. बिरडं पोटभर. पोट बरं. मन पाच. मंगळवार लांब हाय.'

शेवटची ओळ मी गेले त्याच दिवसाची होती. 'मंगळवार. दुधीची भाजी. पोट बरं. मन नऊ. सकाळधरनं दोनदा दाढी केली.'

"दोनदा?" मी विचारलं.

अल्पेशनं वही ओढून घेतली, वाचली आणि कानापर्यंत लाल झाला. "ह्ये मी न्हाय लिवलं."

"मी लिवलंय," आतून जनीकाकींचा आवाज आला. "रातचा घरी आल्यावर त्याला इचारलं का रोज सात सांगतो. मंग मीच त्वांड बघून आकडा टाकते. आई हाय मी."

मी "येते" म्हणाले, त्याच्या हातातली वही घेतली आणि निघाले. पाण्याची बाटली ओटीवरच राहिली.

एसटीत बसल्यावर डोकं चालायला लागलं. वही त्यानं भरलेली नव्हती, म्हणजे ती बाद. आणि भरली असती तरी नऊचं कारण बिरडं नव्हतं. त्याला काढलं तर उरणार एकोणतीस. पुन्हा नवा माणूस, पुन्हा सहा आठवडे. प्रकल्पाची तारीख हुकणार, निकाल सहा महिने पुढं जाणार, आणि अलिबागच्या दवाखान्यात जूनपासून ठरलेली नोकरी हातची जाणार. गप्प बसले असते तर कुणाला कळणारही नव्हतं.

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. पोटाचा निरोप मेंदूला जातो हे मी तीस जणांना पटवलं होतं. मनाचा निरोपही त्याच वाटेनं पोटात येतो, तो आता मला येत होता.

शुक्रवारी हेमाली मॅडमपुढं वही ठेवली आणि ही काढावी लागेल म्हणाले. त्यांनी कारण विचारलं. वही आईनं भरली, असं सांगितलं.

"आणि?"

"आणि... मंगळवार चांगला जायचं कारण मी आहे, मॅडम."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नवा तिसावा शोध. निकाल पुढं जाईल, त्याला इलाज नाही. पण हा मुलगा आता तुझ्या अभ्यासात नाही, हे त्याला स्वतः जाऊन सांग."

मी वही घेऊन तशीच एसटीत बसले. मंगळवार नसूनही अल्पेशची गाडी दारात होती. तो ओटीवर होता, तीन दिवसांची दाढी वाढलेली. तुझं नाव अभ्यासातून काढलं, असं मी एका दमात सांगितलं.

"म्हंजे आता मंगळवारी येनार न्हाय."

"अभ्यासासाठी नाही."

"मंग आज कशाला आलीस?"

आजवर तो मला 'मॅडम' म्हणायचा, ते पहिल्यांदाच गळून पडलं होतं. मी त्याची वही उघडली आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं. 'शुक्रवार. खाल्लं — काही नाही. पोट — ठिकाणावर नाही. मन —' तिथं पेन थांबलं.

त्यानं वाचलं. ओठांचा एक कोपरा हळूच वर गेला. "ह्याच्यावर इलाज?"

"सांगितलाय की. वेळेवर, बसून, कुणाबरोबर तरी जेवायचं."

"कुनाबरोबर तरी?"

"तुझ्याबरोबर."

त्यानं वही तशीच उघडी ओटीवर ठेवली. मग म्हणाला, "आता अभ्यासात न्हाय तर खरं सांगतो. वडखळला मला पोटाचं काय बी पडलं नव्हतं. तू इचारलंस म्हनून सही केली."

जनीकाकींनी काही न विचारता दोन ताटं मांडली. तांदळाची भाकरी, सुका जवळा, आणि वार शुक्रवार असूनही वाटीत बिरडं. मी जेवले. तीन दिवसांचं जेवले.

"अडीच भाकऱ्या," अल्पेश म्हणाला. "मी बी मोजतो."

हात धुऊन आले तर वही ओटीवर उघडीच होती. 'मन' पुढच्या रिकाम्या जागेत जनीकाकींच्या ठळक अक्षरात लिहिलं होतं — दहा.

"काकी, मला विचारायचं तरी," मी म्हणाले.

"कशाला?" त्या ताटं उचलता उचलता म्हणाल्या. "त्वांड दिसतंय की, बये."