शिट्टी होईपर्यंत

साथीमुळे शाळा बंद झाल्या तेव्हा माझी मोठी बहीण शाळेत खेळ शिकवायची. घरात कोंडलेली पोरं आईबापांचं डोकं खायला लागली, म्हणून मुख्याध्यापकांनी तिला सांगितलं, शाळेतल्या उड्यांच्या दोऱ्या घरोघरी वाटा. ज्यानं त्यानं आपापल्या दारात खेळावं. दोऱ्या आणायला ताईबरोबर मीही गेले. भर दुपार होती.

ताईचा पाय शाळेकडे वळत नव्हता. शाळा बंद व्हायच्या आदल्या दिवशी तिच्या वर्गातल्या एका मुलीनं, सगळे तिला भिंगरी म्हणायचे, उड्या मारता मारता विचारलं होतं, "बाई, दम लागतोय. बसू का?"

"नाटकं पुरे. शिट्टी होईपर्यंत थांबायचं नाही."

त्याच रात्री भिंगरीला ताप भरला. आठवड्याच्या आत ती गेली. "साथच होती गं," सगळे समजवायचे. ताई ऐकून घ्यायची आणि पुढ्यातलं ताट सरकवायची.

शाळेच्या हॉलच्या खिडक्या बंद होत्या. आत कोंदट, फिनेलचा वास. त्याखाली घामाचा... ताजा. मी बटण दाबलं, दिवा लागला नाही.

सट्... सट्... अंधारात दोरी फरशीवर आपटत होती. कुणीतरी धापा टाकत होतं.

"ताई, चल इथून..." मी तिचा हात ओढला. गारठलेला होता.

"ती थांबलीच नाहीये गं," ताई पुटपुटली. "त्या दिवशी घंटा झाली अन् मी तशीच निघून गेले. शिट्टी वाजवलीच नाही..."

तिनं पर्समधून शिट्टी काढली. ओठ इतके थरथरत होते की फुंकर धड बसेना. शेवटी वाजली, बारीक, फाटकी.

दोरी थांबली.

"झालं, बाळा," ताई रडत म्हणाली. "घरी जा. पड जरा."

अनवाणी पावलं आमच्या शेजारून दाराकडे गेली. माझ्या दंडाला ऊन श्वास लागला.

त्या रात्री ताई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. मला वाटलं, सुटली बिचारी.

सकाळी भिंगरीच्या आईचा फोन आला. आवाज दबका होता.

"बाई, तिच्या खाटेवर कुणी झोपत नाही... पण चादर घामानं चिंब भिजलीये. बदलली, तर दुसरीही भिजली. अन् हात लावला की... चटका बसतोय, बाई. तापल्यासारखा."